हेन्री रिबेलो यांची उडी आणि आपल्या मुलांची भरतीची रांग

पहाटे पाचच्या सुमारास माधवनगरहून बुधगावकडे किंवा कवलापूरकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली हमखास दिसतील. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात थोरल्या भावाचे झिजलेले. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी सैन्याची, कुणी वनरक्षकाची. त्यांत आपल्या वस्तीतली मुले पुष्कळ आहेत. सूतगिरणीचा भोंगा आता जुन्या माणसांच्या आठवणीत उरला आहे, यंत्रमागावर पूर्वीसारखे काम नाही, आणि घरात एक तरी खाकी वर्दी यावी ही आई-वडिलांची इच्छा आहे. या मुलांकडे पाहिले की आम्हाला अभिमान वाटतो आणि थोडी काळजीही.

काळजीचे कारण सांगतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा दोन वर्षे तयारी करून भरतीला गेला. १६०० मीटर त्याने चांगल्या वेळेत काढले. पुढे १०० मीटरसाठी बसवून ठेवले. नंबर येईपर्यंत तो तास-दीड तास जमिनीवर मांडी घालून बसला. नाव पुकारल्यावर उठला, दोन वेळा पाय झटकले आणि रेषेवर उभा राहिला. साठेक मीटर गेल्यावर त्याला मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखे वाटले. त्याने मागे वळूनही पाहिले म्हणे! दगड कुणी मारला नव्हता. स्नायू फाटला होता. उरलेले अंतर त्याने लंगडत काढले आणि दोन वर्षांच्या मेहनतीचे गुण तिथेच सांडले.

हे ऐकले तेव्हा आम्हाला एक जुने नाव आठवले. ते नाव आपल्या मुलांना माहीत नसते, म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर ती गोष्ट सविस्तर देत आहोत.

हेन्री रिबेलो. जन्म लखनौचा, १९२८ सालचा. बंगळुरूत वाढलेल्या या तरुणाने तिहेरी उडी हा प्रकार धरला. तेव्हा त्याला ‘हॉप, स्टेप अँड जंप’ असेच म्हणत. हा प्रकार दिसतो सोपा. धावत यायचे, पट्टीवरून एका पायाने उडायचे आणि त्याच पायावर उतरायचे. मग लगेच दुसऱ्या पायावर झेप घ्यायची आणि तिसऱ्या उडीत दोन्ही पायांनी वाळूत पडायचे. लंगडी खेळलेल्या कुठल्याही पोराला वाटेल, यात काय मोठेसे! पण पूर्ण वेगात येऊन एका पायावर उतरताना त्या पायावर शरीराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक दाब क्षणभर येतो. साठ किलोच्या माणसाच्या एका पायावर सहाशे किलोंहून जास्त. ज्वारीची सहा पोती एका पायावर झेलून पुन्हा उडी मारायची, असा हा हिशेब आहे. म्हणून हा खेळ घोटा, गुडघा, मांडी आणि कंबर या सगळ्यांची परीक्षा घेतो. आधुनिक ऑलिंपिकमधला पहिलावहिला विजेता याच खेळातला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८९६ साली अथेन्सला अमेरिकेच्या जेम्स कॉनली यांनी १३.७१ मीटर उडी मारून तो मान मिळवला.

रिबेलो १९४८ साली एकोणीस वर्षांचे होते. त्या वर्षी ऑलिंपिकच्या आधीच त्यांनी १५.२९ मीटर, म्हणजे ५० फुटांच्याही पुढे उडी मारली होती. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. देश स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. स्वतंत्र भारताचा पहिलाच ऑलिंपिक संघ लंडनला निघाला होता आणि संभाव्य पदकविजेत्यांत या पोरसवदा उडीपटूचे नाव घेतले जात होते. मैदानी खेळांत भारतीयाकडे अशा नजरेने पाहिले जाणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

त्याच लंडनमध्ये आपल्या शेजारचा एक पैलवानही होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाला मदत केली होती. लाल मातीत वाढलेल्या खाशाबांना तिथे पहिल्यांदाच मॅटवर खेळावे लागले आणि तरी ते सहावे आले. त्यांची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. रिबेलोंची कुणी सांगत नाही.

३ ऑगस्ट १९४८. वेंब्ली स्टेडियम. रिबेलोंनी पात्रता फेरी पार केली होती आणि अंतिम फेरी सुरू झाली होती. त्यांची पहिल्या उडीची वेळ आली. अंग तापवून झाले होते, अंगावरचे गरम कपडे उतरवले होते, मन एकवटले होते. तेवढ्यात त्यांना थांबवण्यात आले. मैदानावर दुसऱ्या एका स्पर्धेचा पदकप्रदान समारंभ होणार होता. राष्ट्रगीत, झेंडे, टाळ्या. तो उरकेपर्यंत उडी नाही. लंडनच्या त्या गार हवेत एकोणीस वर्षांचा मुलगा तसाच उभा राहिला. समारंभ संपला, इशारा झाला आणि त्यांनी पुन्हा अंग न तापवता पूर्ण वेगात धाव घेतली. उडी घेताना मांडीच्या मागचा स्नायू फाटला. ते वाळूत कोसळले. स्ट्रेचरवरून त्यांना बाहेर न्यावे लागले.

त्यांच्या नावापुढे त्या अंतिम फेरीत एकाही उडीचे अंतर लागले नाही.

सुवर्णपदक स्वीडनच्या आर्ने ओमान यांना १५.४० मीटर उडीवर मिळाले. तिसऱ्या क्रमांकाचे, कांस्यपदकाचे अंतर पंधरा मीटरच्या जरासेच पुढे होते. रिबेलोंनी मायदेशी मारलेली १५.२९ ची उडी शेजारी ठेवून पाहा. आम्ही असे म्हणत नाही की पदक मिळालेच असते. खेळात ‘असते-नसते’ याला अर्थ नाही. पण ताकद कमी पडली नव्हती, तयारीही कमी पडली नव्हती. मध्ये आला तो थोडासा वेळ.

पुढचे थोडक्यात सांगता येते, कारण आंतरराष्ट्रीय उडीपटू म्हणून रिबेलोंची कारकीर्द त्या वाळूतच जवळजवळ थांबली. आज असा खेळाडू जखमी झाला तर त्याच्याभोवती फिजिओथेरपिस्ट असतो, आतला स्नायू दाखवणारी यंत्रे असतात, महिन्यांचा आखीव कार्यक्रम असतो. १९४८ साली आपल्या देशात यातले काहीच नव्हते. पट्टी, विश्रांती आणि नशीब, एवढाच उपचार. चार वर्षांनी हेलसिंकीला खाशाबा पुन्हा गेले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले, आणि खाशाबांनी कांस्यपदक आणले. रिबेलोंना मात्र दुसरे ऑलिंपिक मिळाले नाही. ते भारतीय हवाई दलात गेले, ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि पुढे देशाच्या क्रीडा प्रशासनातही त्यांनी काम केले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एका दुपारच्या अपघातावर आयुष्य अडकवून न ठेवता माणूस पुढे कसा चालतो, याचेही ते उदाहरण आहेत. तरी आम्हाला त्या पदकप्रदान समारंभाचा राग येतो, हे लपवत नाही.

आता आरोग्याचे बोलू.

मांडीच्या मागे तीन लांब स्नायू असतात. डॉक्टर त्यांना मिळून हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना जे हाड टेकते तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. आपण जोरात धावतो तेव्हा पुढे झेपावलेला पाय जमिनीवर टेकण्याआधी आवरण्याचे काम ते करतात. म्हणजे ते लांबत असतानाच त्यांना जोर लावावा लागतो. बैलगाडी उतारावर असताना मागून दोर धरून ठेवणाऱ्या माणसाची जी अवस्था, तीच यांची. दोर लवचीक आणि तयार असेल तर निभावतो, ताठर असेल तर तुटतो.

अंग तापवणे म्हणजे नुसता घाम काढणे नव्हे. हलके धावले की स्नायूंमध्ये रक्त वाढते, त्यांचे तापमान खरोखरच एक-दोन अंशांनी चढते, ते अधिक सहज ताणले जातात आणि मेंदूकडून येणारा निरोप त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचतो. आपल्या तालमीत हे शास्त्र नाव न घेता पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. कुंडलच्या मैदानात कुठला पैलवान जोर-बैठका न काढता थेट कुस्तीला उतरताना पाहिला आहे का? पण मिळवलेली ही ऊब टिकत नाही. थांबून राहिलात की पंधरा-वीस मिनिटांत ती बरीचशी उतरते. हवा गार असेल, अंगावर कपडे कमी असतील, खाली जमीन किंवा फरशी असेल, तर आणखी लवकर. मन तयार असते, नाव पुकारले की छाती धडधडते, म्हणून माणसाला वाटते आपण तयार आहोत. मांडी तयार नसते. वेंब्लीवर तेच झाले आणि आमच्या ओळखीतल्या त्या मुलाच्या बाबतीतही तेच.

भरतीत हा धोका जास्त का, तेही समजून घ्या. आपल्याकडच्या पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे, मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर, शिवाय दोघांनाही गोळाफेक असते. पूर्वी लांब उडीही असायची. या चाचण्यांच्या मध्ये आणि आधी प्रचंड वाट पाहणे असते. मुले आदल्या रात्रीच एस.टी.ने निघतात, कुठेतरी फुटपाथवर नाहीतर स्टँडवर पथारी टाकतात, पहाटे रांगेत उभी राहतात. झोप नाही, पोटात नीट अन्न नाही, पाणी बेताचे. मग छाती-उंची, कागदपत्रे, बिल्ले. आणि अचानक, पळा! सरावाच्या मैदानावर कुणी असे थांबून धावतच नाही. आपण धावण्याचा सराव करतो, थांबण्याचा करत नाही.

म्हणून मुलांना आणि त्यांच्या पालकांना आमचे सांगणे असे. भरतीच्या पिशवीत एक जुना स्वेटर किंवा जाड ट्रॅकपँट असू द्या, उन्हाळा असला तरी. नाव पुकारेपर्यंत पाय झाकलेले ठेवा. ऊन तापले असेल तेव्हा उलटे करा, सावली धरा आणि पाण्याचे घोट घेत राहा. उष्माघाताचे संकट हॅमस्ट्रिंगपेक्षा मोठे आहे. जमिनीवर मांडी घालून तासभर बसू नका. दर दहा-बारा मिनिटांनी उठा, जागच्या जागी चाला, गुडघे वर घ्या, टाचा मागे लावा, पाय पुढे-मागे झुलवा. आपल्यापुढे दोन-तीन गट उरले की जागच्या जागी धावायला सुरुवात करा. जागा मिळाली तर वीस-तीस मीटरच्या तीन-चार दौडी घ्या, पहिली हळू, शेवटची जवळजवळ पूर्ण वेगात. जागा नाही म्हणून हवालदारसाहेब ओरडले तरी उभ्या उभ्या पाय हलवायला कुणी बंदी करत नाही. पाय ताणून मिनिट-मिनिट धरून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती धावण्याच्या अगदी आधी करू नका. त्याने स्नायूचा झटका थोडा कमी होतो. ती धावून झाल्यावर करा.

आणि सराव करताना आठवड्यातून एकदा मुद्दाम थांबून पाहा. अंग तापवा, अर्धा तास विहाराच्या पायरीवर बसा, मग पुन्हा वरीलप्रमाणे अंग मोकळे करून १०० मीटर धावा. किती वेळात आपले शरीर पुन्हा जागे होते, हे प्रत्येकाला स्वतःचे स्वतः कळले पाहिजे.

स्नायू मजबूत करण्याचा एक सोपा व्यायाम आहे. गुडघ्यांखाली घडी घातलेली सतरंजी घ्या, मित्राला दोन्ही घोटे घट्ट धरायला सांगा, आणि पाठ-कंबर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका, जमेल तितके स्वतःला आवरत. शेवटी हातांवर उतरा. फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासांत या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या असे दिसले आहे. सुरुवातीला पाच-पाच वेळा, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, घाबरू नका. खर्च शून्य, फक्त मित्र भरवशाचा हवा.

एवढे करूनही दुखापत होते. आपल्याकडे मग सुरू होते ते तेल, शेक आणि चोळणे. ‘शीर चढली आहे’ म्हणत कुणीतरी अंगठ्याने रगडतो. पहिले दोन दिवस हे अजिबात करू नका. आत रक्त साकळलेले असते, चोळल्याने ते वाढते. धावणे तिथेच थांबवा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावा, दिवसातून काही वेळा. पट्टी बांधा, पण पाय बधिर होईल इतकी घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घ्या. ‘टक्’ असा आवाज आला असेल, पाय टेकवत नसेल, किंवा मांडीच्या मागे काळे-निळे पसरत असेल, तर हाडवैद्याकडे न जाता सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवा. फिजिओथेरपीबद्दल तिथेच विचारा, लाजू नका. किरकोळ ओढ दोन-तीन आठवड्यांत बरी होते, मोठी फाट काही महिने घेते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखणे थांबले की दुसऱ्या दिवशी पूर्ण वेगात धावणे. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यताच जास्त असते. वेदनाशामक गोळी खाऊन चाचणीला उतरणे तर त्याहून वाईट. गोळी दुखणे झाकते, फाट झाकत नाही.

हे फक्त तरुणांपुरते आहे असे समजू नका. दरवर्षी १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर चाळिशी-पन्नाशीतले किती बांधव पोटरी धरून बसतात, ते आम्ही पाहतो. वर्षभर खुर्चीवर बसलेला माणूस लेझीम हातात आली की विशीचा होतो! नाचा, जरूर नाचा. आधी दहा मिनिटे चालून घ्या.

रिबेलोंच्या खेळाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पुरुषांचा जागतिक विक्रम ब्रिटनच्या जोनाथन एडवर्ड्स यांच्या नावावर आहे, १८.२९ मीटर, १९९५ सालचा. आपल्या मोहिंदरसिंग गिल यांनी १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एल्धोस पॉल पहिले आणि अब्दुल्ला अबूबकर दुसरे आले. पहिल्या दोन्ही जागा भारताच्या, अंतर १७.०३ आणि १७.०२, म्हणजे दोघांमध्ये फरक एका सेंटिमीटरचा. मुलींसाठी तर आणखी एक आकडा देतो. स्त्रियांची तिहेरी उडी ऑलिंपिकमध्ये १९९६ साली आली. व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहास, गरीब घरातून आलेली मुलगी, तिने २०२२ साली १५.७४ मीटर उडी मारली. १९४८ च्या पुरुषांच्या सुवर्णपदकापेक्षा ती लांब आहे. आणि एवढी मोठी खेळाडू, सगळे डॉक्टर हाताशी असताना, टाचेच्या शिरेच्या दुखापतीमुळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला मुकली. म्हणजे शरीर कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही.

आमच्या ओळखीतल्या त्या मुलाने पाच महिने थांबून पुन्हा सराव सुरू केला आहे. गेल्या आठवड्यात कवलापूरच्या रस्त्यावर भेटला. कमरेला जुना करड्या रंगाचा स्वेटर बांधलेला होता. ‘एवढ्या उकाड्यात?’ म्हणून त्याच्या आईने सकाळी विचारले होते म्हणे. आम्ही त्याला रिबेलोंबद्दल सांगितले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला : ‘‘किती वेळ थांबवले होते त्यांना?’’ मग स्वेटर सोडून मांडीवर पांघरला आणि कठड्यावर बसला. घड्याळात अर्धा तास लावून.